पहिला सा लागेपर्यंत

मी एकवीस वर्षांची होते. चवथीचे पाच दिवस वाड्यावर घरोघरी आरत्या म्हटल्या. एकेका घरी पाऊण तास, बाजूला दोन घुमटं, शामेळ आणि कासाळं, सगळी दणदणीत वाजणारी वाद्यं. सातव्या दिवशी शेजारच्या गावात सार्वजनिक गणपतीपुढे माझा नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. पहिल्याच पदात तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला गेले आणि स्वराच्या जागी नुसती हवा आली. पुढचा तास मी मध्य सप्तक न सोडता कसाबसा काढला. पेटीवर बसलेले भाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, पाच दिवस गळा घरोघरी वाटलास. आज तुझ्यापाशी काय उरणार?"

त्याला पस्तीस वर्षं झाली. आता मी गोव्यात मार्दोळजवळ मुलांना आणि बायकांना गाणं शिकवते, आमच्या महिला भजनी मंडळाची भजनं बसवते. जत्रा आली, स्पर्धा आली, की "बाई, परवा कार्यक्रम आहे, काय करू?" म्हणत कुणी ना कुणी दारात येतं. बहुतेकांना वाटतं मी एखादा काढा सांगेन. मी आधी विचारते, गेल्या तीन दिवसांत गळा कुठे कुठे खर्च केलास?

कारण खर्च होतो तो आपल्या नकळत. आजूबाजूला गलका असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्द यांनी १९११ मध्ये हे नोंदवून ठेवलं आणि आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. घुमटांच्या मधोमध उभं राहून आरती म्हणताना आपण किती जोर लावतोय हे आपल्या कानाला कळतच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरशेजारी गप्पा मारताना, चालत्या बसमध्ये फोनवर बोलताना, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव करताना तेच होतं. म्हणून कार्यक्रमाच्या आधीचे तीन दिवस या जागा टाळा. चवथीत कार्यक्रम असेल तर आरतीला जा, टाळ धरा, ओठ हलवा, देवाला तेवढं पोहोचतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "आज आवाज का काढत नाहीस गो?" म्हणून तेच आग्रह करतील.

कुजबुजही नको. कुजबुजल्याने गळ्याला विश्रांती मिळते असा समज आहे, पण जोर लावून कुजबुजताना गळ्याचे स्नायू आवळले जातात. हळू पण सुरेल, नेहमीच्या स्वरात बोला, किंवा गप्प बसा. दुसरी वाईट सवय खाकरण्याची. एकेका खाकरण्यात दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यांना सूज येते, सूज आली की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि आपण परत खाकरतो. खाकरावंसं वाटलं की कोमट पाण्याचा घोट घ्या आणि जोराने गिळा. आठवडाभर नेटाने केलं तर सवय बरीच सुटते.

पाण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आपण पाणी गिळतो तेव्हा श्वासनळीचं तोंड बंद होतं आणि पाणी अन्ननळीतून पोटात जातं. स्वरतंतूंना त्याचा थेंबही लागत नाही. मिठाच्या गुळण्यांचंही तसंच, त्या घशाच्या वरच्या भागापुरत्या. म्हणजे मंचामागे उभं राहून बाटलीभर पाणी प्यायलात तर तोंडाची कोरड जाईल, पण तंतूंचा ओलावा रक्तातून यायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. पाणी आदल्या दिवशी सकाळपासूनच थोडं थोडं प्यायचं. लघवी फिकट झाली की समजा पुरेसं झालं. तंतूंपर्यंत थेट पोहोचते ती वाफ. साध्या पाण्याची, बाम न घालता, आदल्या रात्री दहा मिनिटं आणि कार्यक्रमाच्या दोनेक तास आधी पाच-सात मिनिटं. पातेलं टेबलावर नीट ठेवून घ्या, मांडीवर धरू नका, आणि मुलांना एकटं सोडू नका.

जेष्ठमधाची काडी चघळायला माझी हरकत नाही, पण रक्तदाब असलेल्यांनी रोज रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो. पेपरमिंटच्या थंडगार गोळ्या मात्र मी माझ्या मुलींना देऊ देत नाही. त्यांनी घसा बधिर होतो आणि आपण ताण देतोय हे कळत नाही. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी नाक कोरडं पडतं, त्यांनी गळाही कोरडा पडतो. घसा दुखतोय म्हणून ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन तर गायला बसूच नका. रक्त पातळ असताना सुजलेल्या तंतूवर जोर आला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. आवाज तीन आठवडे घोगराच राहिला तर काढे बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

जेवणाचं सांगायचं तर कार्यक्रमाच्या अडीच-तीन तास आधी उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, सोबत एखादी साधी भाजी. पोट हलकं राहतं आणि अंगात बळही राहतं. माशाचं हुमण, तळलेले बांगडे, सोलकढी हे सगळं दुसऱ्या दिवशी. आंबटाने गळा थेट बिघडतो असं नाही. पण तिखट-आंबट पोटभर खाऊन श्वासासाठी पोट दाबलं-सोडलं की पोटातलं आम्ल वर येतं आणि ते तंतूंना भाजतं. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी आदल्या रात्रीही लवकर जेवावं आणि जेवून लगेच आडवं होऊ नये. धीर यावा म्हणून कुणी प्रेमाने फेणीचा घोट पुढे केला तर हात जोडून नाही म्हणा. दारूने तंतू कोरडे पडतात आणि सुराचा अंदाजही सैल होतो.

आता पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला आपला सा धरतो ती. आपल्याकडे पट्टीचा नको इतका मान धरतात. कालपर्यंत काळी चारमध्ये गात होते, आज अर्धा सूर खालची पांढरी पाच घेतली तर लोक काय म्हणतील? लोकांना कळतही नाही. बायकांना पाळीच्या आधी दोन-चार दिवस आवाज जड लागतो, तंतूंना किंचित सूज असते. पन्नाशीनंतर आवाज थोडा खाली उतरतो, माझाही उतरला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्याला मागच्या वर्षीच्या स्पर्धेच्या पट्टीत गायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अर्धा सूर उतरवा, गरज पडली तर काळी तीनपर्यंत या. फक्त तबलजीला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो त्या सुराला लागेल असा तबला घेऊन येईल. ऐनवेळी हातोडी घेऊन त्याने किती उतरवायचं?

पहिलं गाणंही आपल्या पट्टीसारखंच बेताचं हवं. मध्यलयीत, मध्य सप्तकात फिरणारं, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं. लोकांना जे दाखवायचंय ते तिसऱ्या गाण्यात ठेवा. तोवर गळा खुललेला असतो आणि भीतीही बसलेली असते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, दहा मिनिटं पुरे, तोही हलक्या आवाजात. दिवसभर रियाज करून संध्याकाळी मंचावर जाणं म्हणजे सकाळी पूर्ण धावून संध्याकाळी शर्यतीला उभं राहणं. दुपारी गाऊ नका, ऐका. मी माझ्या मुलींना बहुतेक वेळा केसरबाई केरकरांची भैरवी ऐकवते, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आहे ती. साडेतीन मिनिटांचं गाणं. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या बाई. ऐकताना तानांकडे जाऊ नका, त्यांचा 'आ'कार किती मोकळा आहे आणि स्वर सुरू होतानाच किती भरलेला आहे तेवढं ऐका. कान भरले की गळ्याला वाट सापडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मंचावर जायच्या साधारण तासभर आधी आवाज तापवायला घ्यायचा. वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिली पाच मिनिटं गळ्याला हातच लावायचा नाही. खांदे फिरवा, मान हळूच दोन्ही बाजूंना न्या, जबडा सैल सोडून गालांवरून तळहात खाली ओढा, दोन-तीन जांभया द्या. मग शहाळ्यासाठी देतात तसली नळी घ्या. अर्धा पेला पाणी, नळीचं टोक दोन बोटं पाण्यात, आणि नळीतून 'ऊ' म्हणा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मध्य सप्तकातला सा धरा, मग सा ते प घसरत जा, परत या. ओठांपाशी वाट अरुंद झाल्यामुळे आतली हवा थोडी मागे दाबते आणि त्या दाबाने तंतू एकमेकांवर न आदळता अलगद मिळतात. मोठ्या आवाजात अर्धा तास घासून जे मिळत नाही ते या पाच मिनिटांत मिळतं. नळी नसेल तर ओठांची घोड्यासारखी फुरफुर करत तेच स्वर घ्या.

त्यानंतर ओठ मिटून म-कार. नाकाच्या मुळाशी आणि वरच्या ओठावर झिणझिण्या जाणवल्या पाहिजेत. तिथून 'आ'कार उघडा, मंद्र पंचमापासून (खालच्या प पासून) मध्य पंचमापर्यंत, मींडेने, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत, लय संथ. मग साधे अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे. तार षड्ज एकदाच, शेवटी, हलका, वरून स्पर्श करून यायचं. लागला की सोडा. दहा वेळा तपासू नका! गाणी पूर्ण म्हणू नका, पहिल्या गाण्याचा मुखडा तेवढा दोनदा म्हणा. मग गप्प. मंचावर बोलावण्याआधी दोन मिनिटं म-कार केला की पुरतो.

जागेप्रमाणे थोडा फरक पडतो. पणजीला कांपालला कला अकादमीत किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात गाणार असाल तर बाहेर घाम आणि आत वातानुकूलित कोरडी हवा. अर्धा तास आधी आत जाऊन बसा, गळ्याभोवती पदर घ्या, गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवा. जत्रेच्या मंडपात उलट असतं. रात्र चढत जाते तसं दव पडतं, पायाखालची धूळ उडते, खाज्यांच्या आणि भज्यांच्या दुकानांचा धूर येतो, कुणीतरी मंचामागे डासांची अगरबत्ती लावून ठेवलेली असते. ती आधी विझवायला सांगा. नाक-तोंडावर ओलसर रुमाल धरून बसा आणि वारा कुठून येतो ते बघून पाठ तिकडे करा. नाटक किंवा कार्यक्रम बाराला सुरू होणार असेल तर दुपारी दोन तास झोपा. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, एखादा कोपरा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

ध्वनिव्यवस्था बघायला गेलात की अर्ध्या आवाजात गा, पण साऊंडवाल्याला स्पष्ट सांगा, "बाब, मॉनिटरमध्ये माझा आवाज आणि तंबोरा वाढव." मॉनिटर म्हणजे आपल्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की लोंबार्दनी सांगितलं तेच होतं, आपण ओरडायला लागतो. संकोच करू नका. समोरच्या हजार माणसांना चांगलं ऐकू जातंय एवढ्यावर तो समाधानी असतो, तुम्हाला काय ऐकू येतंय ते त्याला तुमच्याकडूनच कळणार.

इतकं सगळं करूनही पोटात गोळा येतो. यायचाच. मला अजून येतो. दोन वर्षांपूर्वी माझी आठवीतली एक मुलगी स्पर्धेला माझ्याबरोबर आली होती. विंगेत तिने माझा हात धरला, बर्फासारखा गार. "बाई, माझा आवाज गेलाय, मला घरी न्या." आवाज गेला नव्हता. घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनलिन येतं, शरीराला वाटतं पळायचंय, म्हणून रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं आणि बोटं गार पडतात. लाळ आटते, जीभ टाळ्याला चिकटते. श्वास पोटातून उचलला जाऊन गळपट्टीच्या हाडापाशी अडकतो. आवाज गेला असं वाटतं ते या वर चढलेल्या श्वासामुळे. तिला मी हे सगळं समजावत बसले नाही. तिच्याकडून श्वास सोडून घेतला. नाकाने चार मोजेपर्यंत आत, मग 'स्‌ऽऽ' करत आठ मोजेपर्यंत बाहेर. भर सोडण्यावर द्यायचा, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके हळू होतात. घाबरलेल्या मुलाला लोक "खोल श्वास घे" म्हणतात आणि ते आणखी हवा भरून घेतं, तसं करू नका. आधी रिकामं व्हा. सहा-सात वेळा केलं, तिच्या हातात गरम पाण्याची बाटली दिली, बोटं गरम झाली.

मग तिला म्हटलं, "भीती वाटत नाही असं म्हणू नकोस. मला गायची घाई झालीय, असं म्हण." यामागे आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना अनोळखी लोकांसमोर गायला लावलं होतं. 'मी उत्सुक आहे' असं आधी मोठ्याने म्हणून गायलेल्यांचा सूर आणि लय, 'मी घाबरलोय' म्हणून गायलेल्यांपेक्षा नीट पडली. छाती दोन्ही वेळा सारखीच धडधडते, म्हणून एकातून दुसऱ्यात जाणं सोपं. शांत व्हायचा हट्ट धरला तर त्या धडधडीशीच भांडण सुरू होतं.

पण विंगेतला हा इलाज शेवटचा. भीतीची तालीम आधी करायची असते. मी मुलांना अंगणात वीस उठाबशा काढायला लावते आणि दम लागलेला असतानाच पहिल्या गाण्याचा मुखडा म्हणायला सांगते. धडधडत्या छातीने गाता येतं हे शरीराला एकदा कळलं की मंचावरची धडधड ओळखीची वाटते. कार्यक्रमाच्या आठवड्यात दोनदा तरी शेजाऱ्यांना बसवून, तीच साडी नेसून, मांडी घालून सलग चाळीस मिनिटं गा. पायाला मुंग्या येतात का, निऱ्यांनी पोट आवळतं का, बांगड्या पेटीवर वाजतात का, हे तिथेच कळू दे. घाबरल्यावर लय आपोआप वाढते, म्हणून पहिल्या गाण्याची लय घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजून ठेवा आणि मंचावर तबलजीला टाळी देऊन दाखवा. त्याच्यावर सोडू नका, तोही कधी कधी घाबरलेला असतो.

शब्द विसरले तर काय, हेही आधीच ठरवा. मुखड्यावर परत यायचं, समेवर यायचं, चेहरा बदलायचा नाही. भजनात कोरस ओळ उचलतो तेवढ्यात पुढची ओळ आठवते. एका कागदावर प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर ठेवा. पूर्ण गाणं लिहून ठेवलं तर डोळे कागदातच अडकतात. नजर कुठे ठेवायची हेही ठरवा. मी मागच्या रांगेच्या थोडं वर बघते. पहिल्या रांगेतल्या जाणकारांकडे पहिल्या गाण्यात बघायचं नाही.

धडधड थांबवणारी गोळी कुणाकडून मागून घेऊ नका. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते.

आता मंच. बसा. पदर, माईक, कागद नीट करा, घाई नको. माईक तोंडापासून चार-पाच बोटांवर. तंबोरा सुरू झाला की लगेच गायचं नाही. त्याची दोन-तीन आवर्तनं ऐका, कानात षड्ज भरू द्या. सगळी हवा सोडून द्या, पोट सैल करा, श्वास स्वतःहून आत येईल. तो आत आला त्याच्यावरच सा ठेवा. मोठा नको, माईक आहे. तो सा लागला की तुम्हाला ऐकू येईल तो सभागृहातून परत येतोय. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं होतं, "गाणं नंतर, आधी तुझा सा मला विंगेत ऐकू येऊ दे." तिने तंबोऱ्याची तीन आवर्तनं ऐकली. मी मोजत होते. मग सा लावला आणि तो मला ऐकू आला.

कार्यक्रम संपला की पाच मिनिटं म-कार करा, वरून खाली उतरत. भेटायला येणाऱ्यांशी स्पीकरजवळ उभं राहून बोलू नका, त्यांना बाहेर तुळशीपाशी घेऊन जा. घरी येऊन गरम पेज, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गळ्याला सुट्टी.